रंगाऱ्याच्या घराचा खण

चपला फेकल्याच्या चौथ्या दिवशी थोरला नवं कुलूप घेऊन आला, तेव्हा जिजीला कळून चुकलं की आता गप्प बसून भागायचं नाही.

कुलूप पितळी होतं, मुठीएवढं. बस आगारात ड्रायव्हर लोकांच्या कपाटांना लावतात तसलं. थोरला, म्हणजे जिजीचा मुलगा, सव्वीस वर्षं बस चालवत होता, आणि आगारातली एखादी वस्तू घरी आणली की प्रश्न सुटला असं त्याला वाटायचं. त्यानं कुलूप प्रार्थनाघराच्या सतरंजीवर मधोमध ठेवलं. सगळं घर त्याच्याभोवती शेकोटीला बसावं तसं बसलं.

प्रार्थनेला अजून तासभर होता. बाकीची घरं यायच्या आत घरातलं घरात मिटवायचं असं ठरलं होतं. खाली लाँड्रीचा बॉयलर धुमसत होता, त्यामुळे भिंतीलगतची फरशी कोमट होती. जिजीची जागा तिथंच. गुडघ्यांना ऊब आणि पाठीला भिंत. देवानं याहून जास्त काही दिलं नाही तरी माझी तक्रार नाही, असं ती म्हणायची. तक्रार होती, पण ती देवाला सांगण्यातली नव्हती.

"बोला आता," काका म्हणाले.

काका म्हणजे जिजीचे धाकटे दीर. जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला, त्यामुळे भुवया कधी धड उगवल्याच नाहीत. रागावले तरी चेहरा नवल वाटल्यासारखा दिसायचा, आणि त्यामुळे त्यांना अजूनच राग यायचा. प्रार्थना तेच चालवत. मूळ गाव सोडून निघताना प्रार्थनेचं पुस्तक कुणालाच उचलता आलं नव्हतं. काकांनी आठवलं तेवढं एका वहीत उतरवलं आणि आठवलं नाही तिथं कोरी ओळ सोडली. प्रार्थना म्हणताना त्या कोऱ्या ओळी आल्या की सगळे तोंड मिटून नुसती चाल गुणगुणत. शेहेचाळीस वर्षं गुणगुणत होते. पोरंसोरं तर समजायची की प्रार्थना असतेच अशी, मधूनमधून मुकी.

"मी काय बोलू?" धाकटी म्हणाली. "चपला मी फेकल्या नाहीत."

"किल्ली तू दिलीस."

"जिजीला विचारून दिली."

सगळ्यांनी जिजीकडे पाहिलं. जिजीनं कुलपाकडे पाहिलं.

धाकटी, म्हणजे जिजीची लेक, दवाखान्यात नर्स. दीड महिन्यापूर्वी आगारामागच्या बंद पडलेल्या शाळेत काही घरं आणून ठेवली होती. कुठल्या लढाईतून आली, कुठली भाषा बोलतात, गावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. लोक त्यांना शाळेवाले म्हणत. लसी टोचायला धाकटी तिकडे गेली आणि खाणाखुणांनी बोलता बोलता तिला कळलं, की त्या लोकांना औषधं नकोत, ब्लँकेटं पुरली आहेत, पण देवाचं नाव घ्यायला जागा नाही. शाळेचा एकुलता मोठा वर्ग सामानानं भरला होता. मग हिनं एका दुपारपुरती इथली किल्ली दिली.

"एक दुपार," धाकटी म्हणाली. "खाली उतरून गेले की कळलंही नसतं कुणाला."

"कळलं ना!" काकांचा आवाज चढला. "संध्याकाळचे पाव ठेवायला म्हणून वर आलो, तर मांडणीत बघतो तर काय? रिकाम्या खणांतून चपला! लोकांच्या चपला! ओल्या, चिखलानं भरलेल्या!"

दाराबाहेरची ती मांडणी जिजीच्या नवऱ्यानं केली होती. तो सुतार. इथं आल्यावर पहिल्याच थंडीत, दान म्हणून आलेल्या फळांच्या खोक्यांची लाकडं तासून त्यानं चपला ठेवायची मांडणी बनवली. सत्तावीस खण. कारण मूळ गावातून सत्तावीस घरं निघायची ठरली होती. पोचली एकोणीस. "कमी कर की खण," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा सुतारानं तोंडातला खिळा काढून एवढंच सांगितलं, "मोजमाप घेतल्यावर कमी करत नसतात."

एकोणीस खणांत त्या त्या घराच्या सपाता असत. बाहेरची पायताणं काढायची, सपाता घालायच्या, आत यायचं. आठ खण रिकामे. त्यांत कधी कुणी काही ठेवलं नाही, छत्रीसुद्धा नाही. मागं राहिलेल्या एखाद्या घराची वाईट खबर आली की त्या खणावर लाकडाची पट्टी ठोकायची. सुतारानं आठही पट्ट्या आधीच कापून मांडणीखालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. वर म्हणाला होता, या वापराव्या लागू नयेत म्हणून नीट गुळगुळीत केल्यात. त्यातल्या तीन वापरल्या गेल्या. राहिले पाच उघडे खण. शाळेवाल्यांच्या चपला त्या पाचांत सापडल्या.

"त्यांना काय माहीत?" धाकटी म्हणाली. "दुसऱ्याच्या सपाता हलवायला नकोत म्हणून बिचाऱ्यांनी रिकामे बघून ठेवल्या. आपण पाहुणे गेलो तर असंच करू. सभ्यपणाच केला की त्यांनी."

"सभ्यपणा!" थोरला म्हणाला. "उद्या प्रवासी येऊन माझ्या सीटवर बसला, रिकामी होती म्हणून, तर त्याला सभ्य म्हणू?"

"तू उतरून चहा प्यायला गेलास तर काय करेल तो? रोज पंधरा मिनिटं उशिरा निघते तुझी बस."

"तो आगाराचा टाइम आहे!"

"हो, आगाराच्या चहावालीचा."

सून पदराआड हसली. थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं तशी ती कुलपाकडे बघायला लागली. सकाळपर्यंत ती नवऱ्याच्या बाजूची होती, कुलूप आणायला तिनंच पिशवी दिली होती. पण चपला नुसत्या फेकल्या नव्हत्या, जिन्यावरून खाली भिरकावल्या होत्या, त्यातली एक लाँड्रीच्या ब्लीचच्या हौदात पडली होती, आणि जिची ती चप्पल, ती शाळेवाली बाई एक पाय अनवाणी ठेवून हौदाशी उभी होती, हे तिला आज, इथं येताना जिन्यात, लाँड्रीतल्या बायकांकडून कळलं.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "त्या बाईची चप्पल... पुरती गेली का?"

"कापडी बूट होते. गडद निळे. एक निळा राहिला, एक पांढरा फटफटीत झाला. तेच घालून फिरते. दुसरे आहेत कुठं?"

"कुणाच्या खणात होते ते?" सुनेनं विचारलं.

मग काका म्हणाले, "रंगाऱ्याच्या घराच्या. म्हणून तर माझं डोकं फिरलं. वहिनींच्या बहिणीचा खण तो. इतर कुणाचा असता तर कदाचित... नाही, तरी फेकल्या असत्या. पण तो खण बघून हात थांबलाच नाही."

ते जिजीकडे बघून म्हणाले, आणि जिजीच्या पाठीमागची कोमट भिंत एकदम तापल्यासारखी झाली.

जिजी हे नावही बहिणीनंच ठेवलेलं. बोबड्या बोलीत तिनं पहिल्यांदा म्हटलं, मग आईवडील म्हणू लागले, सासर म्हणू लागलं, आता पोटची पोरंही तेच म्हणतात. घर, विहीर, अंगण, सगळं पलीकडे राहिलं. एवढं नाव तेवढं तिच्यासोबत चालत आलं.

बहीण रंगाऱ्याकडे दिली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात माहेरी आली तेव्हा आईनं तिला साबणानं घासघासून घासलं आणि शेवटी रडायलाच बसली. बहीण हसत सुटली. "अगं आई, हा मळ नाही, माझं काम आहे ते." गाव सोडायचं ठरलं त्या पहाटे जिजी तिच्या दारात गेली, तर ही हौदात वाकलेली. सतरा घरांचं कापड भिजत पडलं होतं. "लोकांचं कापड असं हौदात टाकून कशी येऊ? कुजून जाईल. तू हो पुढं, जिजी. वाळलं की निघते. दोन दिवस."

दोन दिवसांनी इकडं यायचा पूल बंद झाला. मग पत्रं, पार्सलं. आधी यायचे कागद मिळेनात, मग रंगारी आजारी, मग पुढच्या वर्षी नक्की. दर थंडीत जिजी लोकरीचं काहीतरी विणून पाठवायची. आणि अकरा वर्षांपूर्वी रंगाऱ्याच्या पुतण्याचं चार ओळींचं पत्र आलं. काकू दोन उन्हाळ्यांमागे वारल्या. हौद बुजवले. पार्सलं पाठवू नयेत, घ्यायला कुणी नाही.

जिजीनं ते पत्र शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. पार्सलं बंद केली. घरात सांगितलं, पोस्टाच्या पायऱ्या आता चढवत नाहीत. नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. सांगितलं असतं तर त्यानं थरथरत्या हातानं चौथी पट्टी मागितली असती. ती वेळ टळू दे, असं तिला वाटलं. मग तो गेला. मग दिवस गेले. मग आता काय सांगायचं, असं झालं. असं म्हणता म्हणता अकरा वर्षं झाली. खण उघडा होता तोवर बहीण नुसती यायची राहिली होती, एवढंच.

"मी म्हणतो तेवढं करा," थोरला सांगत होता. "कुलूप बदलायचं. किल्ल्या तीनच. एक काकांकडे, एक माझ्याकडे, एक जिजीकडे. नर्सबाईंना नाही."

"मला नकोच. पण ते दर आठवड्याला एक दुपार मागतायत. त्यांना काय सांगू?"

"सांग जागा नाही."

"पाच खण रिकामे ठेवून सांगू, जागा नाही?"

"जीभ सांभाळ!" काका उठून उभे राहिले. बेकरीच्या पिठानं त्यांची छाती कधीच पोखरली होती. जरा जोरात बोललं की शिट्टी वाजायची. "आज पाच खण मागतील. उद्या सतरंजी, परवा भिंत. आपल्याकडे दुसरं आहे काय? अर्धी विसरलेली प्रार्थना आणि आठ घरांची नावं! तेवढ्यावर तर आपण एका जागी राहिलो. ती एकोणीस घरं काय देवासाठी येतात? देव घरीही भेटतो. हजेरीला येतात ती, आपलं नाव ऐकायला."

हे मात्र खरं होतं, आणि धाकटीलाही ते माहीत होतं. ती म्हणाली, "काका, तेही मधे मधे गुणगुणतात. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. त्यांचंही काहीतरी विसरलंय."

सून म्हणाली, "आपण इथं आलो तेव्हा काय होतं हो? जिजी सांगतात ना, खाली लाँड्रीत, वाळत घातलेल्या चादरींमधे प्रार्थना करायचो म्हणून."

"तू कधीपासून त्या पक्षात?" थोरल्यानं विचारलं.

"आज सकाळपासून."

"पिशवी तूच दिलीस ना?"

"पिशवी दिली. अक्कल नाही दिली, ती माझ्याकडेच ठेवली."

काकांना हसू आलं असावं, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही कळत नसे. चादरींची गोष्ट मात्र त्यांनाही आठवली. लाँड्रीची त्या वेळची मालकीण, धिप्पाड बाई, भाषा कळत नव्हती तरी दारात उभी राहून तिनं एकच ताकीद दिली होती, हातवारे करून: ओल्या चादरींना हात लावायचा नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा. जिजीला ती बाई अजून आठवायची. तिनं धर्म विचारला नाही, दया दाखवली नाही, मोठं बोललीही नाही. चादरी मात्र रोज मोजायची.

"वादात अर्थ नाही," काका शेवटी म्हणाले. "खण वहिनींच्या बहिणीचा होता. अपमान झाला तो वहिनींचा. वहिनी म्हणतील तसं. वहिनी म्हणाल्या द्या किल्ली, तर मी आडवा येणार नाही. पण त्यांच्या तोंडून ऐकू दे."

थोरला सुटकेनं मागं टेकला. जिजी बहिणीच्या खणावर पाणी सोडणार नाही याची त्याला खात्री होती. धाकटीचीही तीच खात्री होती, म्हणून तिचा चेहरा पडला.

"जिजी?" ती म्हणाली.

"प्रार्थना होऊ दे," जिजी म्हणाली.

माणसं जमली. कुंभाराची म्हातारी काठी टेकत आली, न्हाव्याचे दोघे मुलगे आले, जिन्यात सपातांची फटफट सुरू झाली. प्रत्येक जण आत येताना सतरंजीवरच्या कुलपाकडे बघत होता आणि न बघितल्यासारखं करत होता. सुनेनं शेवटी त्याच्यावर आपला रुमाल टाकला.

प्रार्थना नेहमीसारखी झाली. कोऱ्या ओळी आल्या तिथं सगळे गुणगुणले. जिजीच्या ओठांतून मात्र त्या दिवशी चालही निघेना. तिच्या मनात एकच चाललं होतं. बोलले तर बहीण मरेल. नाही बोलले, तर एका मेलेल्या बाईच्या खणासाठी एका जिवंत बाईला दारातून परत पाठवायचं, आणि त्यावर आपणच शिक्का मारायचा. देवाला काय, तो अकरा वर्षं ऐकत आला आहे. पण भाऊजी?

काकांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. हजेरीचं.

"सुताराचं घर."

"आलो," थोरला, धाकटी, सून, सगळे म्हणाले.

"कुंभाराचं घर."

"आले रे बाबा," म्हातारी म्हणाली. ती नेहमी तसंच म्हणायची.

"न्हाव्याचं घर."

"आलो."

"नावाड्याचं घर."

नावाड्याच्या खणावर पट्टी होती. सगळ्यांनी मिळून हलकेच उत्तर दिलं, "पुढं गेलं."

ज्यांचं काही कळलं नव्हतं, त्या घरांचं नाव घेतल्यावर काका एक श्वास थांबत. पूर्ण श्वास, आत आणि बाहेर. कुणीतरी जिन्यात असेल, धापा टाकत वर येत असेल, तर त्याला वेळ मिळावा म्हणून. ही पद्धतही सुताराचीच.

"रंगाऱ्याचं घर."

काकांनी श्वास घेतला. छातीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू आली. श्वास बाहेर सोडून ते पुढचं नाव घेणार, तेवढ्यात भिंतीपासून आवाज आला.

"पुढं गेलं."

कुणाला आधी कळलंच नाही कोण बोललं. जिजीलाही आपला आवाज ओळखू आला नाही. तिनं पुन्हा म्हटलं, यावेळी नीट, "रंगाऱ्याचं घर पुढं गेलं, भाऊजी. अकरा वर्षं झाली. पत्र माझ्या शिवणाच्या डब्यात आहे."

खाली बॉयलरनं वाफ सोडली. काकांनी चष्मा काढला, परत घातला. मग वही मिटली.

हजेरी मधे थांबली, असं आजवर झालं नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी कुंभाराची म्हातारी म्हणाली, "अहो, भांडायचं ते नंतर भांडा. हजेरी अर्धी टाकू नका. ज्यांची नावं राहिलीत त्यांनी काय केलंय?"

काकांनी वही उघडली. बोट ठेवलेलं नव्हतं, तरी पान लगेच सापडलं. दोनतीन नावं झाली. मग म्हणाले, "घड्याळजीचं घर."

घड्याळजीच्या मुलीशी काकांचं ठरलं होतं, हे इथं सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी काढत नसे. काका एक श्वास थांबले. दोन थांबले. तीन. कुणीही त्यांना घाई केली नाही.

लोक गेल्यावर थोरला निमूटपणे मांडणीशी गेला, खालचा कप्पा उघडला आणि एक पट्टी काढली. बापानं गुळगुळीत केलेली. त्यानं ती अंगठ्यानं पुसली, हातोडी घेतली.

"थांब," जिजी म्हणाली.

"पद्धत आहे, जिजी."

"माहितीये. तुझ्या बापाचीच आहे. थांब म्हटलं ना."

काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "अकरा वर्षं, वहिनी. दर प्रार्थनेला. मी दम्याचा माणूस. भरल्या थंडीत, छाती भरलेली असताना, मी तुमच्या बहिणीसाठी श्वास धरून थांबायचो. आणि तुम्ही तिथं भिंतीला टेकून..."

"ऐकत होते."

"फसवत होतात! मला, आणि त्याला!" त्यांनी छताकडे बोट दाखवलं.

"त्याला सगळं ठाऊक होतं. फसवलं ते तुम्हाला. चुकलं माझं." जिजीनं भिंत धरून उठायचा प्रयत्न केला, जमेना, सुनेनं हात दिला. "भाऊजी, पत्र आलं तेव्हा ती मेली नाही हो. नुसता कागद आला. तुम्ही 'रंगाऱ्याचं घर' म्हणायचा आणि थांबायचा ना, तेव्हा प्रत्येक वेळी ती जिन्यात असायची. एक श्वासभर. कोपरापर्यंत निळे हात घेऊन. मला कुठून धीर व्हावा?"

काकांनी मान फिरवली.

"मग आज कुठून झाला?"

"तिच्या नावानं तुम्ही दुसरीचा बूट हौदात टाकलात म्हणून. ती असती तर पहिली तुमच्याच अंगावर धावून आली असती. लोकांचं कापड कुजू नये म्हणून मागं राहिली माझी बहीण. आणि तिच्याच खणापायी लोकांच्या वस्तूचं वाटोळं! रंग घालवून बसलो आपण, भाऊजी, रंगाऱ्याच्या नावानं."

थोरल्याच्या हातात पट्टी तशीच होती.

"मग करायचं काय हिचं?" त्यानं विचारलं.

"ठेव परत. तो खण बंद नाही करायचा. त्या बाईला ठेवू दे तिचे बूट."

"आणि घड्याळजीचा?" काका एकदम म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. भीतीचा होता. "एकदा सुरुवात झाली की..."

"घड्याळजीचा खण तुमचा. तो रिकामा राहील. बाकीचे तीन ज्यांच्या माणसांचे, त्यांना त्यांना विचारू. नाही म्हणाले तर नाही. एक खण तर आहे ना माझा द्यायला. ते लोक यायच्या दिवशी मी स्वतः इथं स्टूल टाकून बसेन पहाऱ्याला. तुमच्या खणात कुणी काडी ठेवायची नाही."

"तुमचे गुडघे?"

"बसायलाच तर उरलेत ते."

काका बराच वेळ मांडणीकडे बघत राहिले. मग वाकले, घड्याळजीच्या खणातून बोट फिरवलं, धूळ बघितली, बोट सदऱ्याला पुसलं. आत जाऊन त्यांनी रुमालाखालचं कुलूप उचललं आणि थोरल्याच्या हातात दिलं.

"आगारात परत कर."

"परत घेत नाहीत," थोरला म्हणाला.

"द्या मग इकडं," सून म्हणाली. "बिस्किटांच्या कपाटाला लावते. घरात चोर फार झालेत, आणि त्यातला एक बस चालवतो."

शाळेवाले पुढच्या आठवड्यात आले. जिजी आधीच स्टुलावर बसली होती, अंगावर शाल, मांडीवर विणकाम. धाकटीनं दार उघडलं. जिन्यात खूप पावलं वाजली, पण हळू, बिचकत. वर आलेल्या प्रत्येकाच्या हातात पिशवी होती. पायताणं खालीच काढून, पिशवीत घालून, लेकरू धरावं तशी ती छातीशी धरून माणसं आत जात होती. मांडणीकडे कुणी बघतही नव्हतं. एवढी शिक्षा आपण कुणाला केली, असं जिजीच्या मनात आलं, आणि सुई हातातच थांबली.

ती बाई शेवटून दुसरी होती. चाळिशीची असेल. पिशवीतून बुटाचं पांढरं टोक दिसत होतं.

जिजीनं विणकामाच्या सुईनं खणावर टकटक केलं. बाई थबकली. जिजीनं पुन्हा टकटक केलं. बाईनं मान हलवली, नको नको, पिशवी आणखी घट्ट धरली आणि काकांना शोधत असल्यासारखी जिन्याकडे पाहू लागली. काका खालच्या पायरीवर उभे होते. बेकरीतून सरळ आलेले, हातात कागदात बांधलेले पाव. बाई त्यांना बघून मागं सरली. काका तिच्याकडे न बघता दोन पायऱ्या चढले, पावांचा पुडा वरच्या पायरीवर ठेवला आणि उतरून गेले. त्यांच्या छातीतली शिट्टी बराच वेळ ऐकू येत राहिली.

"ठेव गं," जिजी म्हणाली. भाषा कळणार नाही हे तिला माहीत होतं. "जागा आहे."

बाईनं बूट बाहेर काढले. एक निळा, एक पांढरा. पांढरा तिनं पुन्हा पुन्हा धुतलेला दिसत होता, जणू धुतल्यानं रंग परत येणार होता. अजून ओलाच होता. तिनं ते खणाच्या अगदी कडेला, पडतील इतक्या कडेला ठेवले, दुसऱ्याची जागा नको जास्त म्हणून. मग आत गेली.

थोड्या वेळानं आतून प्रार्थना ऐकू येऊ लागली. शब्द अनोळखी होते. मधे एका ठिकाणी शब्द थांबले आणि नुसती चाल राहिली.

जिजी स्टुलावरून उठली. शेहेचाळीस वर्षं तिनं त्या खणात कधी हात घातला नव्हता. आत लाकडाचा वास होता, आणि आता ओल्या कापडाचा. तिनं दोन्ही बूट आत, खोलवर सरकवले. पांढऱ्याचं तोंड जिन्याच्या वाऱ्याकडे वळवलं, आत आपल्या लोकरीचा गोळा कोंबला आणि हात तसाच वर ठेवला.

"वाळू दे," ती म्हणाली. "वाळला की निघ. घाई नाही."